आरशाला किती भाव द्यायचा?

२०१९च्या ऑक्टोबरात स्टार प्रवाहवर ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सुरू झाली. नायिका दीपा सावळी, गुणी, कष्टाळू. सासूला काळ्या रंगाचा तिटकारा. रंगावरून माणसाची किंमत करू नये, हा मालिकेचा सांगावा. फक्त तो सांगण्यासाठी निवडलेली अभिनेत्री गोरी होती. रेश्मा शिंदे यांना गडद मेकअप करून सावळं केलं जाई. महाराष्ट्रात सावळ्या अभिनेत्री संपल्या का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मालिका तरीही घराघरांत पाहिली गेली.

वजनाच्या बाबतीत टीव्हीने जरा बरी वाट धरली. २०२०मध्ये कलर्स मराठीवर ‘सुंदरा मनामध्ये भरली’ आली, २०२१मध्ये झी मराठीवर ‘येऊ कशी तशी मी नांदायला’. दोन्हींच्या नायिका, अक्षया नाईक आणि अन्विता फलटणकर, खरोखरच अंगाने भरलेल्या होत्या. त्याआधी २०१६मध्ये सचिन कुंडलकर यांच्या ‘वजनदार’ या चित्रपटात सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी वजनापायी हैराण झालेल्या दोघी रंगवल्या होत्या. विषय असा दिवाणखान्यात आला. ‘आहे तसं स्वतःला स्वीकारा’ हे वाक्य आता साबणाच्या जाहिरातीपासून शाळेच्या समुपदेशकापर्यंत सगळे म्हणतात. स्वीकारायचं म्हणजे नेमकं काय करायचं, त्याने फरक पडतो का आणि ते कोणाला परवडतं, यावर मात्र मालिका गप्प असतात. मानसशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ आणि डॉक्टर यांच्या गेल्या चार-पाच दशकांच्या कामातून त्याची काही उत्तरं मिळतात. त्यातली काही चक्रावून टाकणारी आहेत.

शरीरावरून माणसाला नावं ठेवणं ही काही इन्स्टाग्रामची देणगी नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा अध्याय आहे. शरीरामुळे निंदेचे धनी होणारे आठ जण त्यात मोजले आहेत: फार उंच, फार बुटका, अंगभर केस असलेला, अजिबात केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ आणि फार कृश. फार गोराही या यादीत आहे, हे वधू-वर सूचक मंडळांच्या भिंतीवर लावायला हरकत नाही. पुढे चरक सविस्तर बोलतो ते फक्त शेवटच्या दोघांविषयी, कारण लठ्ठपणा आणि कृशता यांचा संबंध आजाराशी आहे. बाकीच्या सहांना लोक नावं ठेवतात एवढंच. त्यांच्यावर तो औषध सांगत बसत नाही. लोकांना न आवडणं वेगळं आणि प्रकृतीला अपाय असणं वेगळं. ही फारकत त्या अध्यायात झालेली आहे आणि आजच्या बहुतेक घरांत ती झालेली नाही.

लोकांची आवड तर हवेसारखी फिरते. पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटेनियात मुलींना बळजबरीने दूध पाजून, खाऊ घालून जाड करण्याची चाल होती आणि काही भागांत ती अजून आहे. लग्नाच्या बाजारात तिथे जाडी म्हणजे घराण्याची ऐपत. वीरेन स्वामी आणि मार्टिन टोव्ही या ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००६मध्ये एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठाच्या भोजनगृहात शिरणारे आणि जेवून बाहेर पडणारे तरुण गाठून त्यांना स्त्रियांची छायाचित्रं दाखवली. भुकेल्यांना जाड बांध्याच्या स्त्रिया जास्त आवडल्या, पोट भरलेल्यांना कमी. पोह्यांच्या बशीआधी पाहायचं की नंतर, यावरही निकाल ठरत असेल तर त्या निकालाला किती मान द्यायचा?

आवड बदलते तेव्हा माणसांचं काय होतं, याचा सगळ्यात ठसठशीत दाखला फिजीचा. तिथल्या मूळ रहिवाशांत धष्टपुष्ट शरीराला मान होता. पाहुण्याला आग्रह करकरून वाढायचं, कोणी वाळलं तर त्याच्या घरात काळजी घेणारं कोणी उरलं नाही की काय अशी शंका घ्यायची, हे सगळं मराठी माणसाला ओळखीचं वाटेल. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर तिथे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून काम करत होत्या. १९९५मध्ये नाड्रोगा भागात टीव्ही पोहोचला. बेकर यांनी त्या वर्षी शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी, १९९८मध्ये, त्याच वयाच्या मुलींची पुन्हा. खाण्याविषयीच्या बिघडलेल्या वृत्तीचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या. दुसऱ्या पाहणीत त्या ११.३ टक्के निघाल्या. गट लहान होते, दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, त्या तीन वर्षांत फिजीत इतरही बरंच बदललं असणार. तरीही मुलींनी मुलाखतींत जे सांगितलं त्यात मेख आहे. अमेरिकी मालिकांतल्या बायकांसारखं दिसलं की त्यांच्यासारखी नोकरी, त्यांच्यासारखं आयुष्य मिळेल, असं त्यांना वाटत होतं. बारीक व्हायचं होतं ते पुढे जाण्यासाठी. आपल्याकडच्या गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती वर्षानुवर्षं हेच विकत आल्या: क्रीम लावलं, मुलगी उजळली, नोकरी लागली.

ते क्रीम म्हणजे फेअर अँड लव्हली, १९७५मध्ये बाजारात आलेलं. चेन्नईच्या विमेन ऑफ वर्थ या संस्थेने २००९मध्ये ‘डार्क इज ब्यूटिफुल’ मोहीम काढली, २०१३मध्ये नंदिता दास तिचा चेहरा झाल्या. २०१४मध्ये जाहिरात मानक परिषदेने, सावळी माणसं दुःखी, अपयशी किंवा कमी दर्जाची दाखवायची नाहीत, असे नियम केले. २०२०मध्ये अमेरिकेतल्या वर्णविद्वेषविरोधी आंदोलनाचे पडसाद उमटले तेव्हा क्रीमचं नाव ग्लो अँड लव्हली झालं आणि शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली. बाटली बदलली, दारू किती बदलली ते ग्राहकाने ठरवावं.

स्वीकाराचा विषय काढला की पहिला आक्षेप आरोग्याचा येतो, आणि तो रास्त आहे. मधुमेहाने ग्रासलेल्या देशात ‘आहे ते ठीक’ म्हणून कसं चालेल? या प्रश्नाचं अर्धं उत्तर पुण्यात सापडतं.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागून काढायचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, हा मुळात वैद्यकाचा शोध नाही. १८३०च्या दशकात बेल्जियमचे गणिती-खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ केटले ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे आकड्यांत मांडू पाहत होते, त्यातून हे सूत्र निघालं. १९७२मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं. लोकसंख्येच्या पाहणीसाठी ते सोयीचं आहे. एका माणसाविषयी ते काय सांगतं, हे २००४मध्ये लॅन्सेटने छापलेल्या एका छायाचित्राने दाखवून दिलं. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघेही दिसायला शिडशिडीत, दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास चालवला होता. तिथल्या नवजात बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याकडची बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी बरीच लहान होती, पण त्वचेखालची चरबी जवळपास इंग्रज बाळांइतकीच. बारीक दिसणारं, आतून मेदाळ शरीर इथे जन्मापासून असू शकतं. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २३वर आणून ठेवली गेली. याचा अर्थ ‘मी बारीक आहे, मला काय धाड भरली’ म्हणणाऱ्यानेही रक्तातली साखर तपासायला हवी, आणि जाड दिसणाऱ्याला पाहताक्षणी आजारी ठरवणाऱ्याने तोंड आवरायला हवं. प्रकृती रक्ताच्या अहवालात, रक्तदाबात, दम किती टिकतो यात कळते. लग्नाच्या हॉलमध्ये वीस फुटांवरून कळत नाही.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग असा, की लाज वाटली म्हणजे माणूस सुधारतो, ही समजूत टिकत नाही. मिनेसोटातल्या किशोरवयीन मुलामुलींचा पाच वर्षं पाठपुरावा करून डायन न्यूमार्क-श्टाइनर आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना आपलं शरीर आवडत नव्हतं, ती पुढे जास्त उपाशी राहिली, वजन उतरवण्याचे अघोरी उपाय त्यांनी जास्त केले, आणि त्यांच्यातल्या मुलींचा व्यायाम कमी झाला. व्यायाम कमी का, याचं कोडं पडायला नको; ज्या मुलीला पोहण्याच्या तलावावर स्वतःची मांडी दिसण्याची धास्ती आहे ती तलावावर जाणारच नाही. अँजेलिना सुटिन आणि अँटोनिओ टेराचियानो यांनी सहा हजारांवर अमेरिकी प्रौढांची माहिती तपासली. वजनावरून हिणवलं गेल्याचं सांगणाऱ्या, पण तेव्हा लठ्ठ नसलेल्या माणसांत चार वर्षांनी लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट निघाली. मामीच्या ‘तुझ्या भल्यासाठी सांगते गं’चा परिणाम हा असा.

उपाशी राहण्याने मनाचं काय होतं, हेही कीज यांनीच मोजलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांना त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरलं. त्यांना थंडी वाजे, चिडचिड होई. ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटातला घास तासभर पुरवून खाऊ लागले. आरसा पाहून आपण भयंकर वाळलो आहोत असं त्यांना वाटत नव्हतं. उलट रस्त्यावरची बाकीची माणसं जाड वाटू लागली. पोटभर जेवायला मिळाल्यावरही कितीतरी दिवस त्यांचं खाणं ताळ्यावर आलं नाही. शरीराकडे पाहणारी नजर शरीराच्या भुकेनेच वाकडी होते, हे कडक डाएट सांगणाऱ्यांनी पहिल्या दिवशी सांगायला हवं.

मग उपाय काय?

सगळ्यात गाजलेला उपाय म्हणजे बॉडी पॉझिटिव्हिटी. त्याची मुळं अमेरिकेतल्या जाड माणसांच्या हक्कांच्या चळवळीत आहेत. त्यांची राष्ट्रीय संघटना १९६९मध्ये स्थापन झाली. मागण्या रोखठोक होत्या: नोकरीत भेदभाव नको, डॉक्टरांनी नीट वागवावं, बसायला नीट खुर्ची मिळावी. समाजमाध्यमांवर येईपर्यंत या हक्कांच्या गोष्टीचं ‘प्रत्येक शरीर सुंदर आहे’ असं भेटकार्ड झालं, आणि मग कपड्यांच्या व लोशनच्या कंपन्या त्यात शिरल्या. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१९मध्ये १९५ तरुणींना इन्स्टाग्रामवरच्या अशा पोस्ट दाखवून पाहिल्या. त्यांना बरं वाटलं, शरीराविषयीचं समाधान वाढलं. मात्र त्यानंतर स्वतःचं वर्णन करताना त्या दिसण्याविषयी जास्त बोलू लागल्या. मन सुखावलं, पण लक्ष आरशावरच खिळून राहिलं. गोम इथे आहे. ‘तू सुंदर आहेस’ या उत्तरात ‘मी सुंदर आहे का?’ हा प्रश्न महत्त्वाचा असल्याचं मान्य केलेलं असतं.

कायद्याने नजर बदलण्याचे प्रयत्नही झाले. इस्राएलने २०१२मध्ये, फ्रान्सने २०१७पासून आणि नॉर्वेने २०२२पासून व्यापारी छायाचित्रांत शरीर बदललं असेल तर तशी सूचना छापणं सक्तीचं केलं. हेतू चांगला. पण फ्लिंडर्स विद्यापीठाच्या मारिका टिगमन आणि इतरांच्या प्रयोगांत अशा सूचनांचा जवळजवळ उपयोग दिसला नाही. चित्र खोटं आहे हे वाचूनही डोळा तुलना करायची थांबत नाही. ‘धूम्रपान आरोग्याला घातक’ वाचत वाचत सिगरेट पेटवणाऱ्यांच्या देशात याचं आश्चर्य वाटू नये. कंपन्यांना तर हे आधीच ठाऊक असतं. फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं २०२१मध्ये फुटली तेव्हा इन्स्टाग्राममुळे दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीची शरीराविषयीची भावना आणखी बिघडते, असं त्यांच्याच संशोधकांनी लिहून ठेवलेलं सापडलं.

नेमकं बिघडतं काय, हे बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि टॉमी-अ‍ॅन रॉबर्ट्स यांनी १९९७मध्ये मांडलं. स्त्रीकडे वस्तू म्हणून पाहणाऱ्या समाजात स्त्री स्वतःकडेही बाहेरून पाहायला शिकते. पुढच्या वर्षी आलेला त्यांचा प्रयोग असा: विद्यार्थ्यांनी एका खोलीत एकट्याने पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालायचा, आरशात पाहायचं आणि त्याच वेशात गणितं सोडवायची. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना गणितं कमी आली. मुलांना पोशाखाने फरक पडला नाही. खोलीत पाहणारं कोणीही नव्हतं. फोटो निघताना पोट आत ओढणं, बसल्या बसल्या ओढणी पोटावर सारखी करणं, चालत्या लिफ्टच्या आरशात कडेने नजर टाकणं, या सगळ्यात डोक्याचा थोडा थोडा भाग दिवसभर अडकून पडतो आणि तेवढा तो बाकीच्या कामाला कमी मिळतो.

म्हणून ज्या उपायांचे पुरावे भक्कम आहेत ते बहुतेक आरशाची स्तुती करत नाहीत, त्याची सद्दी कमी करतात. गेल्या दहाएक वर्षांत ‘शरीराविषयी तटस्थ राहा’ म्हणणारा पंथ याच कारणाने वाढला. शरीरावर प्रेम करायची सक्ती नाही. त्याच्याशी भांडण नसलं तरी पुरे. प्रेमाची आज्ञा पाळता न आल्याने जिला आणखी एक अपराध पदरात पडल्यासारखं वाटत होतं, तिला हे झेपतं.

उपचारकक्षातला एक प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. रुग्णाला मोठ्या आरशासमोर उभं करतात आणि डोक्यापासून पायापर्यंत स्वतःचं वर्णन करायला सांगतात, आपल्याला न पाहता चित्र काढणारा कोणी समोर बसला आहे अशा बेताने. ‘माझे दंड घाणेरडे आहेत’ म्हटलं की उपचारक थांबवतो: तो एक शब्द गाळून पुन्हा सांगा. मग हळूहळू येतं: दंड खांद्यापासून कोपरापर्यंत जवळपास सारख्याच रुंदीचा आहे, आतल्या बाजूची त्वचा बाहेरच्यापेक्षा उजळ आहे, वरच्या बाजूला बीसीजीच्या लसीचा वाटोळा व्रण आहे. नावडत्या भागाशी नजर अडखळते, तिथे ती घाईने सरकू द्यायची नाही आणि तिथेच रुतूही द्यायची नाही. काही बैठकांनंतर घृणा ओसरू लागते. घरी एकटीने रोज करायचा हा प्रयोग नव्हे, विशेषतः आधीच तासन् तास आरशापुढे जाणाऱ्यांनी. पण शेरा न मारता वर्णन करण्याची युक्ती कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्येही कामी येते.

बाकीचे उपाय सोपे वाटतात. नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या जेसिका अलेव्हा यांनी २०१५मध्ये तरुणींना तीन वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. विषय एकच: शरीर आपल्यासाठी काय काय करतं. चालणं, पचवणं, गाणं, आजारातून उठणं, मूल कडेवर घेणं, झोपणं. लिहिणाऱ्यांचं शरीराविषयीचं समाधान वाढलं. क्रिस्टिन नेफ आणि सहकाऱ्यांनी तीन आठवडे रोज वीस मिनिटं स्वतःविषयी करुणा बाळगण्याचं ध्यान ऐकवलं. त्याचा परिणाम तीन महिन्यांनीही टिकून होता. एरिक स्टाइस यांचा ‘बॉडी प्रोजेक्ट’ तर वकिली डाव आहे. मुलींना उपदेश करायचा नाही. बारीकपणाच्या आदर्शामुळे काय काय गमावतो हे त्यांनीच मोठ्याने मांडायचं, धाकट्या मुलीला पत्र लिहून तिला परावृत्त करायचं. स्वतःच्या तोंडून निघालेला युक्तिवाद माणूस सहसा मोडत नाही. या कार्यक्रमातून गेलेल्या मुलींत पुढच्या तीन वर्षांत खाण्याचे आजार सुरू होण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं. रोगप्रतिबंधाच्या क्षेत्रात असं यश विरळा.

योगाचंही नाव यात येतं. २००५मध्ये जेनिफर डॉबेनमायर यांनी योग करणाऱ्या आणि एरोबिक्स करणाऱ्या स्त्रियांची तुलना केली; योग करणाऱ्यांना शरीराच्या आतल्या खुणा जास्त कळत होत्या आणि त्या स्वतःकडे बाहेरून कमी पाहत होत्या. मुळात तसा स्वभाव असलेल्या बायकाच योगाकडे वळत असतील, ही शंका उरतेच. पण पुण्यात १९७५पासून चाललेल्या अय्यंगार यांच्या संस्थेतली एक गोष्ट इथे लागू पडते. बालपणी क्षय, मलेरिया, विषमज्वर भोगलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांना दुबळं शरीर काय असतं ते ठाऊक होतं. पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या, दोर, लोड यांचा आधार देऊन त्यांनी आसन माणसाजवळ आणलं. पायाच्या बोटांपर्यंत हात पोहोचत नसेल तर मध्ये वीट ठेवायची. उणीव माणसात नाही, अंतरात आहे, अशी ही व्यवस्था. त्याच योगाच्या नावाने चालणारे रील पाहिले तर मात्र सपाट पोटाखेरीज काही दिसत नाही.

पुरुष यातून सुटले आहेत असं मानणं भाबडेपणाचं. हार्वर्डच्या हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये जी. आय. जो या अमेरिकी सैनिक-बाहुल्याची मापं घेतली. बाहुला पुरुषाच्या उंचीचा धरला तर १९६४ साली त्याचा दंड १२.२ इंचांचा होता. १९९०च्या दशकातल्या दणकट आवृत्तीचा २६.८ इंच, म्हणजे अनेक मुलींच्या कमरेएवढा. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत शरीर कमावण्याची आस कमी नव्हती, पण तिथल्या मल्लाच्या पोटाच्या घड्या कोणी मोजल्या नाहीत. शरीर डावासाठी होतं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव तर बँटमवेटचे, म्हणजे हलक्या गटातले मल्ल. आता जिल्ह्याच्या गावातही जिमच्या काचेवर परदेशी शरीरसौष्ठवपटूचं चित्र असतं आणि आत प्रोटीनच्या डब्यांची रांग. आपण पुरेसे पिळदार नाही या एकाच विचाराने पछाडलेल्या मुलांसाठी डॉक्टरांकडे वेगळं निदान आहे, स्नायूंविषयीचा देहभ्रम. आपण हडकुळे आहोत असं त्या मुलाला वाटत असतं, आणि शर्टाची बटणं लागत नसतात.

देहभ्रमाचं हे मोठं कुटुंब आहे. इटलीच्या एनरिको मॉर्सेली यांनी १८९१मध्येच त्याचं वर्णन केलं. नाक, केस, त्वचा अशा एखाद्या गोष्टीतली, इतरांना न जाणवणारी किंवा क्षुल्लक खोट माणसाचं आयुष्य खाऊन टाकते. तासन् तास आरसा, किंवा आरसाच बंद. सुमारे दोन टक्के लोकांत हा विकार आढळतो, स्त्री-पुरुषांत जवळपास सारखाच. असे रुग्ण त्वचारोगतज्ज्ञाकडे आणि प्लास्टिक सर्जनकडे आधी जातात आणि शस्त्रक्रियेनंतरही बहुधा असमाधानी राहतात. यावर विशिष्ट मानसोपचार आणि औषधं लागू पडतात. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ‘नसते चोचले’ म्हणून झटकायचा हा विषय नाही.

वयाने काय होतं, याविषयी टिगमन यांनी २००४मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. शरीराविषयीची नाराजी स्त्रियांत तरुणपणापासून बऱ्याच म्हातारपणापर्यंत फारशी हटत नाही, असं दिसलं. घटतं ते दिसण्याचं महत्त्व. साठीच्या बाईला आपलं पोट विशीतल्या मुलीइतकंच नावडत असेल, पण त्यापायी ती सहलीला जायची थांबत नाही. वर सांगितलेले सगळे उपाय मेहनत करून जे साधू पाहतात, त्यातलं थोडं वय फुकटात देतं.

हे सगळं एकेकट्या माणसाच्या मनातलं काम झालं. पण त्या कामावर रोज पाणी फिरवणारे आजूबाजूला असतात. ‘सुटलीस की गं’, ‘अगदीच वाळलास, बायको जेवायला घालत नाही का’, ‘बाळ कुणावर गेलंय, आई तर गोरी आहे’. एकमेकींच्या जाडीविषयीच्या अशा बायकी गप्पांचा अभ्यास मिमी निख्टर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी नव्वदच्या दशकात केला होता. ‘मी किती जाड झालेय’ असं एकीने म्हणायचं आणि ‘छे गं, तू कुठे’ असं दुसरीने, हा मैत्रीचा रिवाजच असतो, असं त्यांना आढळलं. हळदीकुंकवाला गेलेल्या कुणालाही ते वेगळं सांगायला नको. रिवाज मोडला तर आगाऊपणा वाटतो, पाळला तर दोघींची नजर पुन्हा पोटाकडे जाते. बोलण्याचा विषय बदलणं हा इथला सगळ्यात स्वस्त इलाज, आणि तो घरातल्या मोठ्यांच्या हातात असतो.

तरीही ‘शरीर काय करतं ते पाहा’ या उपायाला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती दाखवायला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत फडात राबायचं. एक दिवस खाडा झाला की दंड. या हिशेबात बाईच्या शरीराची किंमत ते करत असलेल्या कामाइतकीच आहे, आणि पाळीचे दिवस म्हणजे खाडा. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, अंगावरून जाण्याचा त्रास घेऊन खासगी दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती घालून गर्भाशय काढण्याचा सल्ला. २०१९मध्ये हा प्रकार गाजला तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या.

या बाईला ‘तुझं शरीर काय काय करतं ते पंधरा मिनिटं लिही’ म्हणून सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. शरीराने काय करायचं ते तिला चांगलं माहीत आहे. ते न करण्याची, आजारी पडण्याची, नुसतं पडून राहण्याची मुभा तिला नाही. अपंगत्वासह जगणारी माणसंही कार्यक्षमतेच्या या कौतुकावर हाच आक्षेप घेतात: जे शरीर चालत नाही, कमवत नाही, त्याच्याशी शांतपणे राहायचं तर कशाच्या जोरावर? संशोधकांनी आता ‘करणं’ या शब्दात श्वास, स्पर्श, चव, विश्रांती यांनाही जागा दिली आहे. फडावरच्या बाईला मात्र विश्रांती हे लिहिण्याचं नाही, मागून घेण्याचं प्रकरण आहे.

त्या गदारोळानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. नको असलेल्या शस्त्रक्रियांना त्याने अटकाव होतो. पाळीत दोन दिवस कोपीत पडून राहिलं तर पैसे कापायचे की नाहीत, हे त्या परवानगीच्या कागदावर येत नाही. ते उचल ठरते तेव्हा मुकादमाशी होणाऱ्या बोलीत ठरतं, आणि त्या बोलीला बहुतेक वेळा फक्त नवरा बसलेला असतो.